लाल फुली

"ग्राफची रेघ वर चढली तर आजच्या आज घर सोडायचं, आई," सम्यक म्हणाला. त्याने लॅपटॉपमध्ये आजचा आकडा भरला.

"आधी चहा घे. निवतोय," कमल म्हणाली.

मुलुंडच्या त्या जुन्या इमारतीत, तळमजल्यावरच्या त्यांच्या खोलीत एक जाडजूड खांब होता आणि त्या खांबाला भेग पडली होती. सम्यक पवईला इंजिनियरिंग शिकायचा, हॉस्टेलवर राहायचा. त्यानेच भेगेवर एकावर एक येतील अशा दोन पारदर्शक पट्ट्या बसवल्या होत्या. एक भेगेच्या या बाजूला चिकटवलेली, दुसरी त्या बाजूला. एकीवर मिलिमीटरच्या चौकटी, दुसरीवर लाल फुली. भेग रुंदावली की फुली मधल्या शून्यावरून सरकणार. दर रविवारी येऊन तो आकडा टिपून न्यायचा.

डोक्यावर चार मजले माणसं राहत होती. त्या विचाराने हॉस्टेलवर त्याचा डोळा लागत नसे.

सेक्रेटरी श्यामसुंदरकाका दारातच उभे होते. "सांग रे बाबा लवकर. वर सगळे खोळंबलेत."

"आपण धरून चाललोय की उतार शून्य आहे, काका. म्हणजे दिवस गेले तरी भेग वाढत नाही. हे गृहीतक फेटाळलं गेलं, तर वाट लागली."

कमलने भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो बोटाने सरळ केला. वाकडं काही तिला खपतच नसे. फोटोखालच्या फळीवरची गोंदाची ट्यूब तिने मागे सारली.

सम्यकने बटण दाबलं.

ठिपके जरा वरखाली होते, पण रेघ जवळपास आडवी. पी-मूल्य चांगलं मोठं, म्हणजे एवढं वरखाली नुसत्या योगायोगानेही होऊ शकतं.

"भेग वाढतेय असं म्हणायला काही पुरावाच नाही, काका!" त्याचा आवाज चिरकला.

"म्हणजे राहायचं ना?"

"राहा बिनधास्त!"

काका ओरडतच जिना चढले. वरून टाळ्या ऐकू आल्या. सम्यकने खांबाला टेकून डोळे मिटले. कॉलरमध्ये थोडी रेती पडली, ती त्याने झटकली.

"उगाच जीव टांगणीला लावलास माझा," कमल हसत म्हणाली. "त्या पट्ट्या मात्र अगदीच कच्च्या हां तुझ्या. आठवडाभरात फुली वाकडी व्हायची. तू यायच्या आधी दर रविवारी मीच उपटून परत मधोमध चिकटवायचे."