पांढरीची सही

"आधी पांढरीला सांगायचं, मग गावाला. वाचून झालं की जरा थांबायचं. कोनीतरी खाकरतं. मग निघायचं."

सासऱ्यांचे हे शब्द सकाळपासून कलाबाईच्या कानात घोळत होते. भिमाजी तीस वर्षं ग्रामपंचायतीचे शिपाई. त्यांच्यामागे ती नोकरी तिच्याकडे आली, आणि हे पाळीन, असा त्यांच्या हातावर हात ठेवून तिने शब्दही दिला होता.

पांढरी म्हणजे ओढ्यापलीकडचं जुनं गाव. प्लेगाच्या साली माणसं तिथून उठून इकडे माळावर आली. ज्यांना उठवत नव्हतं, ते मागे राहिले. निघताना त्यांना सांगितलं होतं, तुम्हाला विचारल्याशिवाय गाव काही ठरवणार नाही. म्हणून ग्रामसभेची नोटीस आधी तिथल्या पडक्या भिंतींपुढे वाचायची. रजिस्टरात वस्तीवस्तीच्या सह्या असत. पांढरीच्या नावापुढे तिथल्या मातीत बुडवलेल्या बोटाचा एक ठसा.

या खेपेला नोटीस मोबाईलवरच गेली. कागद घेऊन फिरू नका, असं ग्रामसेवक सुनील म्हणाला आणि कलाबाई गेली नाही. तेव्हापासून आठ दिवस, देवापुढे सांजवात लावताना बाहेर ओट्यावर कोणीतरी खाकरायचं. जाऊन पाहावं तर कोणी नसायचं.

आज अकराला सभा, आणि ती शेवटचीच. पुढच्या महिन्यापासून नगरपंचायत. सतरा प्रभाग, सतरा नगरसेवक, ग्रामसभा नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नवा नकाशा लागला होता. सतरंजी अंथरता अंथरता कलाबाईने ओढ्यापलीकडच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"भाऊसाहेब, हितं काय व्हनार हाय?"

"कचरा डेपो," सुनील मान वर न करता म्हणाला. "आजचा पहिला ठराव तोच आहे, मावशी."

"पांढरीला नोटीस न्हाई गेली."

सरपंच आप्पासाहेब हसले. "का हो भाऊसाहेब, त्यांचा नंबर ग्रुपवर घ्यायचा राहिला काय?"

"आप्पा, तुमच्याच पणज्यानं शबूद दिल्ता," कलाबाई हळू आवाजात म्हणाली. "त्याची आई हुती तिथं."

आप्पासाहेबांचं हसू ओठातच राहिलं. "आता ऱ्हाऊ दे ते," ते म्हणाले. "मान्सं यायला लागली. चहाचं बघ."

तिने चहा ठेवला. दोन कप भरून टेबलावर आणून दिले. सुनीलचा मोबाईल वाजला, तो बोलत बाहेर गेला. टेबलावर रजिस्टर होतं. त्यात सह्या झाल्याशिवाय सभा सुरू होत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने ते उचलून पदराआड घेतलं, वर नोटिशीचा कागद.

तेवढ्यात दाराशी कोणीतरी खाकरलं.

कलाबाईने मान वळवली नाही. वळवली ती आप्पासाहेबांनी. उंबऱ्यावर नुसतं ऊन होतं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग त्यांची नजर तिच्या पदराकडे गेली.

"किती वेळ लागंल?" त्यांनी विचारलं.

"ते त्यांच्यावर हाय."

ती पायऱ्या उतरली आणि ओढ्याच्या वाटेला लागली. तिच्या चपला पायरीपाशीच राहिल्या होत्या.