कमी बोलणारे मीटर

कोणाचा विश्वास बसणार नाही, पण आमच्या अंबरनाथ पश्चिमेच्या सोसायटीत पाण्याच्या मीटरांना कमी बोलायला मी शिकवलं. मी, ज्याला साधं 'नाही' म्हणायला अर्धा तास लागतो.

हे मीटर बिनतारी, बॅटरीवरचे. एकाचा निरोप दुसऱ्याच्या तोंडून असं करत करत गच्चीवरच्या, सगळ्यांचे आकडे गोळा करणाऱ्या पेटीपर्यंत पोचतो. पण प्रत्येक जण दर वेळी आपला सगळा रस्ता सांगत बसायचा, की मी चौथ्या मजल्यावरचा, माझा निरोप तिसऱ्याकडून येईल, मग समोरच्या विंगमधून. पाच वर्षं टिकणाऱ्या बॅटऱ्या दोन महिन्यांत संपल्या. मीटर बसवणारी उन्नती जिन्यात बसून रडकुंडीला आलेली. "काका, नव्या टाकल्यात. याही संपल्या तर माझी नोकरी गेली समजा."

मी म्हटलं, "पोरी, शेजाऱ्याला कोणी रोज नाव-गाव सांगतं का? त्याला ठाऊक आहे ते गाळ. कालच्यापेक्षा बदललं असेल तेवढंच बोलायला लाव." तिनं तसं केलं. सहा महिने झाले, एक बॅटरी उतरलेली नाही. नोकरी टिकलीच, वर तिचा साहेब माझ्या पाया पडून गेला.

बाकावर शेजारी बसलेल्या जनूनं शेंगा सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं.

"दौलतराव, मग आम्हाला पण बदललं तेवढंच सांगत जा ना. परवा सांगितलंत तेव्हा ही अक्कल वहिनींची होती, आज तुमची झाली."