गोदामातला धूर

"हे तुम्ही लिहिलंत?"

आयबारने मोबाइल काइरबेकच्या नाकासमोर धरला. रोझा आपायच्या तळघरातल्या गेमिंग क्लबात बाकीच्यांनी हेडफोन काढले.

पडद्यावर खेळाडूंच्या चर्चामंचाचं पान होतं. सगळ्यात वर, 'आज' अशी तारीख. खाली हाताने काढलेली आकृती. खेळातल्या गोदामाच्या नकाशात पाण्याच्या टाकीमागे कुठे उभं राहायचं, खिडकीच्या कोणत्या कोपऱ्यावर नेम धरायचा, म्हणजे धुराचा गोळा छपरावरून घरंगळत नेमका दारात पडतो आणि समोरचा संघ आंधळा होतो, असं सगळं त्यात बाण काढून दाखवलेलं. कागद म्हणजे खाणीतल्या पाळीची चिठ्ठी, पाठकोरी. आणि कारागंदीच्या या पाच जणांच्या संघात खाणीत उतरणारा एकटा काइरबेक. आकृतीखाली लिहिणाऱ्याचं नाव होतं, 'सारकित'.

"हो, मीच," काइरबेक म्हणाला.

आयबारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. का जाऊ नये? दुसऱ्या दिवशी तेमिरताऊच्या संघाशी उपांत्य सामना. जिंकेल तो अल्माटीला जाणार. गोदामातला धूर हे संघाचं हुकमी पान होतं. सबंध हिवाळाभर त्यांनी ते झाकून ठेवलं होतं. आणि इथे तेमिरताऊच्या कप्तानाने तीच आकृती पुन्हा चिकटवून खाली थोरल्या भावाचे मानावेत तसे आभार मानले होते, 'आगा, रहमत! जमलं!'

"सारकित म्हणे!" झानेल फणकारली. ती संघातली नेमबाज. "लोक मेजवानीतलं उरलेलं बांधून घरी नेतात, त्याला सारकित म्हणतात. तुम्ही तर आम्ही जेवायला बसायच्या आधीच ताट वाटून मोकळे झालात, आगा."

"वाटल्याने कमी होतं का ते?"

"होतं!" आयबार ओरडला. "धूर माझा आहे. या नऊ नंबरच्या खुर्चीत बसून मी शोधलाय, लहानपणी. कुणाच्या बापाने शिकवला नाही मला."

काइरबेकच्या मिशीत काहीतरी हललं. "पान वरपासून वाच, आयबार."

"काही वाचायचं नाही मला. किती मिळाले त्यांच्याकडून?"

"काही नाही."

"मग कशाला? फुकटात कोण करतं असलं काम?"

"कुणीतरी विचारतं म्हणून."

असल्या दानशूरांना काय म्हणावं? घाम एकाने गाळायचा आणि 'आगा, आगा' म्हणवून दुसऱ्याने मिरवायचं! एकोणीस वर्षांच्या कप्तानाने चौतिशीच्या माणसाला भर क्लबात दाराकडे बोट दाखवलं.

"जॅकेट उचला आणि चालते व्हा. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस मला संघात नको."

"अरे, थोरल्या माणसाशी असं बोलतात?" गल्ल्यावरून रोझा आपाय म्हणाली.

"थोरपण वयाने येत नाही, आपाय."

काइरबेकने जॅकेट घातलं. पायऱ्यांपाशी थांबला. "आणि माझं कुर्त राहिलंच की रे," म्हणाला आणि गेला.

ही त्याची जुनीच थट्टा. वर्षापूर्वी संघात आला त्या दिवसापासून आयबार दिसला की हात पुढे करायचा, 'काय रे, माझं कुर्त आणलंस का?' आयबारच्या आईने दही वाळवून केलेल्या कुर्तच्या त्या खारट गोळ्या क्लबात सगळ्यांना ठाऊक होत्या. आयबारच्या खिशात त्या नेहमी असत. पण ही थट्टा त्याला भिकारडी वाटे. काइरबेकला त्याने आजवर एकही गोळी दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते हरले. राखीव गडी गांगरला. तेमिरताऊच्या पोरांनी टाकीमागे उभं राहून त्यांचाच धूर त्यांच्याच डोळ्यांत घातला. समोरच्या प्रेक्षकांत कुणीतरी हसलं, ते आयबारला नीट ऐकू आलं.

तो तडक क्लबात येऊन नऊ नंबरवर बसला.

"वर्षभराची बंदी आणतो त्याच्यावर," तो झानेलला म्हणाला. "एका सामन्यात तोंड दाखवता येणार नाही त्याला, एकाही."

"आण. त्याच लायकीचा आहे तो."

स्पर्धेच्या तक्रारअर्जात त्याने भराभर लिहिलं. संघाचं गुपित फोडलं. प्रतिस्पर्ध्याला मदत केली. विश्वासघात. सगळे शब्द भारी निवडले. शेवटचा एकच रकाना उरला होता. मूळ मजकूर कोणत्या तारखेला लिहिला?

"काल, दुसरं काय," झानेल म्हणाली.

"नेमकी वेळ हवी त्यांना." आयबारने पान उघडलं आणि वर सरकवू लागला.

पान संपेना. वर आणखी एक पान निघालं, त्याच्या वर आणखी. वर दिसलेलं 'आज' शेवटच्या प्रतिसादाचं होतं. कुणी नवं काही लिहिलं की जुनी चर्चा उसळून वर येते, हे मंचावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. रागाच्या भरात या दोघांना ते सुचलं नव्हतं. एक्केचाळीस पानं मागे गेल्यावर ती आकृती पहिल्यांदा आली. तारीख आठ वर्षांपूर्वीची.

"आठ वर्षं?" झानेल खुर्ची ओढत जवळ आली. "मग कुणासाठी काढली होती त्याने?"

आकृतीच्या वर एक प्रश्न होता. काइरबेकने त्यालाच उत्तर दिलं होतं. आयबारने तो वाचला. त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

'मी अकरा वर्षांचा आहे. रोझा आपायच्या क्लबात नऊ नंबरवर बसतो. गोदामात मला सगळे मारतात आणि हसतात. कुणीतरी शिकवा ना. जो शिकवेल त्याला आईच्या हातचं कुर्त देईन, शपथ.'