स्वागताचा ताल

तलाव भरला की उमर ढोलीने बांधावर ढोल वाजवायचा आणि गावाने पाण्याच्या स्वागताला धावत यायचे, ही कच्छच्या त्या कोरड्या किनारी गावाची रीत. कित्येक वर्षांनी आज तलाव भरला होता. पाण्याच्या वाटेवरच स्वतःची इमारत उभारणारे नगराध्यक्ष फेटा बांधून, नारळ घेऊन हजर होते.

पाऊस थांबेना. उमरच्या पायाखाली बांध थरथरला आणि भेगेतून गढूळ पाणी उसळले. लोकांना सावध करायला त्याने जिवाच्या आकांताने ढोल बडवला. लोक आणखीच लगबगीने आले. सर्वांत पुढे त्याची मुलगी जेना, कडेवर लेकरू.

"अब्बा, आज भलतेच रंगात आलात!"

ढोल थांबवून तो "पळा!" म्हणून ओरडला, जल्लोषात कुणाला ऐकूच गेले नाही. मिरवणूक ढोलामागे चालते, एवढेच त्याला सुचले. वाजवत तो टेकडीकडे वळला.

"अरे उमर, तलाव इकडे आहे! पूजा राहिली!" नगराध्यक्ष खेकसले, आणि एकटे पडायला नको म्हणून मागोमाग निघाले.

गोंधळलेले गाव टेकडी चढत असतानाच मागे बांध फुटला. उमरचे पाय थांबले. हात मात्र स्वागताचाच ताल वाजवत राहिले. त्यांना दुसरा ठाऊकच नव्हता.