उन्हाची पेटी

पहिला तांब्या अंगावर ओतला आणि न्हाणीघरातून खुशालरावांची आरोळी आली, "अरे सहदेवा, हे पानी हाय का बरफ?"

सहदेव, त्यांचा मुलगा, दाराबाहेरच उभा होता. सलग सहावी सकाळ. अमरावतीची डिसेंबरातली थंडी कुणाचं ऐकत नाही, विज्ञानाच्या मास्तरचं तर नाहीच नाही.

कल्पना त्याचीच होती. तेलाचं रिकामं पिंप त्याने काळं रंगवलं, लाकडी पेटीत आडवं निजवलं, भोवती कापसाच्या जिनातली रुई ठासली आणि वर काच बसवली. दिवसभर पिंपाला ऊन द्यायचं, सूर्य कलला की काचेवर गोधडी टाकायची आणि पहाटे नळ सोडला की गरम पाणी. नवं घर बांधायचं ठरल्यापासून त्याच्या डोक्यात हेच होतं. त्याची आई, गोदाबाई, पहाटे चारला उठून कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर बंब पेटवी आणि धुराने खोकून खोकून बेजार होई. नव्या घरात तो बंबच नको, असा त्याने हट्ट धरला होता आणि जुन्या घरात आधी ही पेटी करून पाहिली होती. शाळा आणि शिकवण्या आटोपून यायला त्याला रात्र होई, म्हणून पिंप भरणं आणि गोधडी टाकणं आईकडे होतं.

पण पहाटे पाणी थंडगार ते थंडगारच. सहदेव रोज आणखी थोडी रुई कोंबी. आता पेटीत पिंपापेक्षा रुईच जास्त झाली होती.

खुशालराव कुडकुडत बाहेर आले. "झालं तुहं शास्त्र! आज दुपारी मिस्तरी आखणीले येऊन राह्यला. नव्या न्हाणीत बंबाचा चौथरा अन् वर धुराडं. इषय संपला."

गोदाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने पुढची भाकरी तव्यावर टाकली.

शनिवार असल्यामुळे शाळा सकाळची. दुपारी घरी येताच सहदेवने पेटी मोडायला घेतली. काच सरकवली, पिंपावर तळहात टेकला आणि चटका बसून मागे घेतला. पाणी चांगलं कढत होतं! तो तसाच अनवाणी पलीकडच्या गल्लीतल्या प्लॉटवर पळाला. खुशालराव आणि मिस्त्री तिथे दोरी धरून उभे होते. आखणी अर्धी टाकून यायला खुशालराव काही तयार होईनात. त्यांची मनधरणी करण्यात अर्धा तास गेला.

तिघे परत आले तर पिंप रिकामं. न्हाणीघराच्या दाराखालून वाफ येत होती आणि आत कुणीतरी गुणगुणत होतं.

दार उघडलं. गोदाबाई बाहेर आली. ओले केस, लालबुंद चेहरा. समोर तिघांना पाहून ती जागीच थबकली.

"तू?" खुशालराव चकित झाले. "सकाळी तं केली होती न आंघोळ! दुपारी कोनी करते का?"

"आई, रोज?" सहदेवने विचारलं.

तिने मान खाली घातली. "रोजच. मंग विहिरीचं पानी भरून ठेवते. मले वाटलं, रातभर थोडंच गरम राह्यते ते!"

"मंग बोलली काहून नाई?" खुशालराव म्हणाले.

गोदाबाईने पदराने चेहरा पुसला. "लग्नाले अठ्ठावीस वर्सं झाली. बंब मीच पेटवते, पन माह्या पाळीले त्यात गरम पानी कदी उरलंच नाई. म्हटलं, कसं लागते ते एकडाव पाहाव तरी."

सहदेवला स्वतःचीच लाज वाटली. आधी बाबा, मग तो, मग कुणी पाहुणा असेल तर तो. आईची आंघोळ कधी होते, कोणत्या पाण्याने होते, हे त्याने जन्मात विचारलं नव्हतं.

खुशालराव ओल्या उंबऱ्यापर्यंत गेले. मग मिस्त्रीवर खेकसले, "पाहून काय राह्यला? नकाशातला तो चौथरा खोड. दोन पेट्या कर. ऊन सगळ्यात जास्त पडते तिथं हिची, अन् माही उरंल तिथं."