दहा एमबीत बाबा

"मावशी, तुमचे हात तीन एमबी खातायत," एडिटर लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला.

"खाऊ देत. माझेच हात आहेत," मावशी म्हणाली. हे म्हणतानाही दोन्ही हात हवेत होते. "उभ्या जन्मात मला कुणी गप्प बसवलं नाही."

"त्यात खोटं काही नाही," खुर्चीतून वडील म्हणाले.

अडीच वाजले होते. चारला जहाज बंदर सोडणार होतं आणि त्या जहाजावर या घरातला एकुलता एक मुलगा होता. दोन महिन्यांपूर्वी वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. आता ते चालत होते, स्वतःच्या हातानं बटणं लावत होते. हे फोनवर चारदा सांगून झालं होतं. मुलाचा विश्वास बसत नव्हता. आजोबा गेले तेव्हा त्याला तीन आठवड्यांनी कळवलं होतं, कामात लक्ष लागणार नाही म्हणून. ते तो विसरला नव्हता.

सकाळी त्याची मेल आली. 'आई, बाबा, मावशी, तिघांना एकत्र बघायचंय. बाबा चालताना हवेत. एका दमात, मध्ये कट नको, चेहरे स्पष्ट. चारच्या आत आलं नाही तर मी इथेच उतरतो.' उतरला असता तर याच फेरीत मिळणारी बढती दुसऱ्या कुणाला गेली असती. आणि जहाजाची मेल दहा एमबीच्या वरची फाइल आत घेत नव्हती.

म्हणून आईनं कोपऱ्यावरच्या एडिटरला बोलावलं होतं. त्याच्या दुकानाच्या पाटीवर 'फाइल लहान, चित्र स्वच्छ' असं लिहिलेलं होतं आणि आजवर एकाही गिऱ्हाइकानं त्यावर बोट ठेवलं नव्हतं. कॅमेऱ्यातून निघालेलं एक मिनिट साडेसातशे एमबीचं भरलं. नव्या फॉरमॅटमध्ये ते बरंच लहान झालं असतं, पण जहाजावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो उघडेल याची खात्री नव्हती. मग सगळीकडे चालणारा एमपीफोर. तेवीस एमबी. चित्राचा आकार कमी केल्यावर नऊ. आईनं स्क्रीनकडे निरखून पाहिलं.

"हे कोण?"

"काका."

"कुणीतरी चाललंय, एवढंच कळतंय. शेजाऱ्यांना चालवलंय म्हणेल तो. गालावरचा तीळ दिसायला हवा."

एडिटरनं आकार पुन्हा मोठा केला. "काकू, व्हिडिओत प्रत्येक चित्र नव्यानं साठवत नाहीत. आधीच्या चित्रापेक्षा जे बदललं, मुख्यतः तेवढंच साठवतात. भिंत जवळजवळ फुकटात पडते. हलणाऱ्या गोष्टींना जागा लागते."

आईला हे लगेच पटलं. तिनं आयुष्यभर घर असंच चालवलं होतं.

"म्हणजे हलायचं ते फक्त यांनी," ती म्हणाली आणि कामाला लागली.

पंखा बंद झाला. पडदा दोरीनं बांधला गेला. खिडकीबाहेर झाड हलत होतं, तर खिडकीच लावून घेतली. माशांच्या टाकीवर चादर पडली. वडिलांचा बारीक चौकड्यांचा शर्ट उतरवून साधा निळा घातला. वडिलांना हे सगळं फार आवडत होतं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना कुणी बसा म्हणत नव्हतं. पुन्हा चित्रण झालं. चौदा एमबी.

"आता उरले मावशींचे हात," एडिटर म्हणाला, "आणि काकू, तुमची मान."

"मी कुठे मान हलवते?"

"काका पाऊल टाकतात तेव्हा. प्रत्येक पावलाला."

आईनं बहिणीचे हात तिच्या मांडीवर ठेवले, स्वतःचे स्वतःच्या. "एक मिनिटाचा प्रश्न आहे. पोराच्या बढतीसाठी एक मिनिट."

"बोलू तरी?"

"तुला हातांशिवाय बोलता येतं?"

मावशीनं विचार केला आणि तोंड मिटलं.

तीन वाजता शेवटचं चित्रण सुरू झालं. दोघी बहिणी सोफ्यावर ताठ बसल्या. एडिटरनं पापण्यांचं काही सांगितलं नव्हतं, पण मावशी एकदा मनावर घेतलं की हात राखून काही करत नसे. वडील उठले, दारापर्यंत गेले, तिथून परत आले. कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "मी मजेत आहे. तू तुझं काम कर." एवढ्यावर थांबायचं ठरलं होतं. पण अंगात उत्साह होता. त्यांनी सोफ्याला एक फेरी मारली आणि मावशीच्या खांद्यावर टिचकी मारली. "काय मेहुणीबाई, आज बोलती बंद?" मावशी ढिम्म. त्यांनी बायकोच्या डोळ्यांपुढे हात हलवला. ती समोर बघत राहिली. दोघींच्या मधून वाकून ते कॅमेऱ्याकडे बघत मनापासून हसले.

नऊ पूर्णांक सहा एमबी. तीळ स्पष्ट दिसत होता.

तीन वीसला मेल गेली. पंखा सुरू झाला, माशांवरची चादर निघाली आणि मावशी सलग दहा मिनिटं बोलली. एडिटरनं तिला मोकळ्या मनानं बोलू दिलं. पावणेचारला उत्तर आलं. वडिलांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं.

'बाबा एकदम ठणठणीत दिसतायत. पण आई आणि मावशीला हे कधी झालं? आणि बाबा, तुम्ही हसताय काय? सामान बांधलंय, उतरतोय.'