उघडलं, पण बोलेना

“जुनी जावा काढायची, सॉफ्टवेअरला मानवेल तीच नवी घालायची, खिडकी उघडून भाव दिसतायत एवढं दाखवायचं, सही घ्यायची आणि पुढच्या घरी निघायचं. गप्पा मारत बसायचं नाही.”

वरिष्ठांचं हे सांगणं सपोर्टच्या मुलीच्या कानात सतत असे, आणि ती ते मोडत नसे. त्यांच्या कंपनीचं शेअरबाजाराचं सॉफ्टवेअर जावा नावाच्या दुसऱ्या एका प्रोग्रॅमच्या आधारावर चालायचं. जुन्या जावावर ते सोमवारपासून उघडणार नव्हतं, म्हणून ही घरोघरची फेरी. अगदी नवीकोरी घातली तर सॉफ्टवेअर रुसून बसायचं. मधली नेमकी एकच त्याला मानवायची. तिने ती घातली. पडद्यावर खिडकी उघडली, भावांच्या ओळी उभ्या राहिल्या.

“झालं, बघा काकू,” म्हणत तिने कागद घरातल्या वहिनींपुढे धरला.

कॉम्प्युटर वहिनींच्या दिरांचा होता. हे काका शेजारीच खुर्चीत बसले होते. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. एका इस्पितळाचा टेलिफोन सांभाळण्यात त्यांची नोकरी सरली होती. वहिनींनी पेन उघडलं, तेवढ्यात काकांनी चाचपून हेडफोन उचलला, कानाला लावला आणि बाणाची कळ दाबली. पुन्हा दाबली.

“उघडलं असेल, ताई. पण हे बोलत का नाही?”

“बोलत म्हणजे?”

“काल बोलत होतं. मी ओळीवर गेलो की भाव सांगायचं. घेणं, विकणं, सगळं माझं मीच करतो.”

 कॉम्प्युटरवर वहिनी बसत असतील, असं मुलीने आल्या आल्या धरून टाकलं होतं. विचारलं नव्हतं.

“त्यात काय एवढं?” वहिनी म्हणाल्या. “मी आहे की वाचायला. आधी मीच वाचत होते ना?”

“वाचत होतात, नाही कसं म्हणू? पण भाव कळायच्या आधी तुमचं मत कळायचं.”

“मग! ती कंपनी विकू नका म्हटलं, ते काय उगीच? नाव किती गोड होतं तिचं.”

“गोडच होतं. बुडाली तेव्हाही गोडच होतं.”

दोघंही हसली. हसू ओसरलं, तरी काकांचा हात कळफलकावरून हलला नाही.

“ताई, या घरात मला सगळे जीव लावतात,” ते हळू आवाजात म्हणाले. “पुढ्यात ताट येतं, रस्त्यात हात धरला जातो. फक्त इथे मी चुकलो तर माझा मी चुकतो. तेवढं राहू द्या.”

वहिनींनी पेनचं टोपण लावलं.

जुनी जावा परत घालून देणं सोपं होतं. मुलीच्या मनात ते येऊन गेलं. “तशी घालून देते मी,” ती म्हणाली, “पण आज तुम्ही खूश व्हाल आणि सोमवारी मला शिव्या द्याल.”

“शिव्या मला चांगल्या येतात. इस्पितळाच्या फोनवर रोज ऐकल्यात.”

“मागच्या वेळी हे बोलतं कुणी केलं होतं?”

“भाच्याने. कुठल्याशा चौकटीत खूण केली म्हणाला. कुठे, ते मी काही पाहिलं नाही बुवा.”

मुलीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढली. सेटिंगचं एकेक पान ती उघडत गेली. ज्यांना कमी दिसतं त्यांच्यासाठी एक वेगळं पान होतं. इतक्या घरांतून फिरली, पण ते तिने कधी उघडलं नव्हतं. तिला स्वतःला त्याची गरजच पडली नव्हती. त्या पानाच्या तळाशी एक चौकट रिकामी होती: वाचणारा आवाज जावाशी जोडायचा का? तिने खूण केली, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं. मग हेडफोन आधी आपल्या कानाला लावला, डोळे मिटले आणि बाण दाबला.

कानात कुणीतरी भाव सांगितला.

तिने हेडफोन काकांच्या हातात दिला. ते एकेक ओळ उतरत गेले. मान किंचित कलती झाली, ओठ आकड्यांबरोबर हलू लागले.

“आता मला कोण विचारतंय!” वहिनी म्हणाल्या.

“विचारणार तर! गोड नावं तुम्हीच शोधायची.”

सहीसाठी मुलीने या वेळी कागद काकांच्या हाताखाली सरकवला. सही करून ते थांबले.

“समोरच्या इमारतीत सूरवाल्याकडे परवा तुम्हीच गेला होतात का? पियानोचे सूर लावतो तो. त्यालाही दिसत नाही.”

“हो. ते काही बोलले नाहीत. शेजारचे गृहस्थ आले होते, ते बघून ठीक आहे म्हणाले.”

“शेजाऱ्यांना दिसलंच असणार,” काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. “दोन दिवस तो त्यांच्याच सवडीने भाव वाचून घेतोय. मी फोन केला तर म्हणतो, चालायचंच. तक्रार करण्यातला नाही तो.”

“आज जाते मी त्यांच्याकडे.”

“ऑफिसचं काय?”

“आजच जाते, काका. शब्द देते.”

ती रस्त्यावर आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. समोरच्या इमारतीत खिडक्या उजळल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरची, सूरवाल्याची, तेवढी एक काळी होती. फाटकावरच्या रखवालदाराने तिच्या नजरेबरोबर वर पाहिलं.

“तिसऱ्यावर ना? अंधार आहे बघा. घरी कुणी दिसत नाही.”

“आहेत,” ती म्हणाली आणि जिना चढू लागली.